पाटी नसलेलं घर

वाल्मीक काकडला एकाच जातीच्या माणसांचा राग यायचा: चांगलं काम करायचं आणि गप्प बसायचं, असल्या माणसांचा. "अरे, केलं ना तुम्ही? मग सांगायला काय लाज वाटती?" असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचा. सहा बाय चारचा फ्लेक्स सांगायला आलेलं गिऱ्हाईक मग दहा बाय आठचा सांगून जायचं.

पेठ नाक्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं, वीस वर्षांचं. मखमलाबादची झेंडू-गुलाबाची शेती धाकटा भाऊ बघायचा. वाल्मीकला मातीपेक्षा माणसांचे चेहरे आवडायचे. वाढदिवस, जावळ, दशक्रिया, नवा ट्रॅक्टर, बारावी पास झालेली पोरगी, सगळे त्याच्या मशीनमधून बाहेर पडलेले. कुणाचा फोटो केवढा आणि कुणाच्या डोक्यावर कोण, हे त्याला पाठ होतं. एकदा एका जावळाच्या फ्लेक्सवर मुलाच्या मोठ्या मामाचा फोटो राहिला, तर त्या दोन घरांचं तीन वर्षं जाणंयेणं बंद! शेवटी वाल्मीकनंच पदरमोड करून मामाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लावला, तेव्हा कुठं मिटलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, नाव राहिलं की भांडण आणि नाव लागलं की मान. नाव लागल्यानं कुणाचं वाटोळं झालेलं त्यानं बापजन्मात पाहिलं नव्हतं.

आणि असल्या माणसाची गाठ पडावी कुणाशी, तर भागुबाईंशी.

भागुबाई म्हणजे निवृत्त सरकारी नर्स. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात त्यांनी पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, आणि निवृत्त झाल्यावर पंचवटीच्या मागच्या अंगाला एका गल्लीत जुनं बैठं घर घेऊन सात खाटा टाकल्या. नवऱ्याच्या मारापायी घर सोडलेल्या बायका तिथं राहायच्या. संस्थेचं नाव 'ओसरी'. कागदोपत्री सगळं रीतसर, पण दारावर पाटी नाही. गल्लीला वाटायचं, सिस्टर नर्सिंगच्या पोरींना खोल्या देतात. आत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही आणि बायकांनी मोबाईल बाळगायचा नाही, हा नियम होता.

वाल्मीकची बायको छाया तिथं आठवड्याला भाजी पोचवायची. तीन वर्षं पोचवत होती, आणि एवढ्या बडबड्या नवऱ्याला तिनं पत्ता लागू दिला नव्हता. एकदा तिचा पाय मुरगळला म्हणून मेथीच्या जुड्या घेऊन त्याला जावं लागलं. दारात उभं राहून त्यानं पहिला प्रश्न काय विचारावा?

"सिस्टर, पाटी कुठंय?"

"पाटी नाही."

"मी देतो लावून. फुकट."

"पाटी लावली तर इथं लपायला कोण येईल रे बाबा?" भागुबाई म्हणाल्या, जुड्या घेतल्या आणि दार लावून घेतलं.

दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. वाल्मीक विसरला नाही, त्याला कारण होतं. त्याची थोरली बहीण नवसाबाई वीस वर्षांपूर्वी पाठीवर वळ घेऊन तीनदा माहेरी आली होती. तिन्ही वेळा घरच्यांनी समजूत काढून तिला परत पाठवलं, आणि तिसऱ्या वेळी मोटारसायकलवर बसवून नांदगावला पोचवणारा वाल्मीक. सगळ्या वाटेत ती मागं बसून एक शब्द बोलली नाही. ती अजून तिथंच आहे. दिवाळीला फोन केला की "बरी हाय" म्हणते, बाकी काही नाही. असं एखादं घर आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मोटारसायकल तिकडे वळवली असती, असं वाल्मीकला वाटायचं. वळवली असती का, देव जाणे.

म्हणून त्यानं ध्यासच घेतला. कॉलेज रोडला संस्थांसाठी सोशल मीडियाचं एक दिवसाचं शिबिर होतं, तिथं हा सेहेचाळीस वर्षांचा गडी कॉलेजच्या पोरापोरींत वही घेऊन बसला. शिकवणारी मुलगी म्हणाली, "जे शोधून सापडत नाही, ते लोकांच्या लेखी नसतंच." वाल्मीकनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्याच दिवशी तो 'ओसरी'च्या उंबऱ्याबाहेर हजर.

"सिस्टर, आजकाल माणूस शेजाऱ्याला विचारत नाय, मोबाईलला विचारतो. हे बघा." आणि त्यानं त्यांच्यासमोर टाईप केलं, 'नाशिक नवरा मारतो कुठे जाऊ'. वर आले तीन वशीकरणवाले बाबा, पती चोवीस तासांत मुठीत आणून देण्याची हमी देणारे. खाली दोन वकील. मग पुन्हा एक बाबा.

भागुबाई बराच वेळ त्या बाबांकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्या या वेळी वाल्मीकसाठी नव्हत्या.

"चेहरा नाही, नाव नाही, पत्ता नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "जमत असेल तर कर."

"मग दाखवू काय?"

"ते तू बघ. तूच शहाणा."

आणि वाल्मीकनं बघितलं. उगाच म्हणायचं नाही, झटून काम केलं. मोबाईलवर 'ओसरी'चं पान उघडलं आणि त्यावर हात दाखवले. पोळ्या लाटणारे हात, वाटाणे सोलणारे हात, पोराच्या केसांना तेल लावणारे हात. खाली नेमके ते शब्द लिहिले, जे रडत बसलेली बाई मोबाईलमध्ये टाकेल. नकाशावर खूण टाकली ती स्वतःच्या दुकानावर, नंबर दिला छायाचा. म्हणजे येईल ती आधी दुकानात येईल, छाया तिच्याशी बोलेल आणि मग नेऊन सोडेल. महिन्याभरात घोटीकडची एक पोरगी कडेवर लेकरू घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. वाल्मीकनं लिहिलेलेच शब्द तिनं टाकले होते, आणि वर बाबा न येता 'ओसरी' आली होती. त्या दिवशी भागुबाईंनी वाल्मीकला उंबऱ्यावर बसवून स्वतःच्या हातचा चहा दिला. घरी येऊन त्यानं छायाला तो चहा चारदा सांगितला.

इथंच थांबला असता तर! पण थांबेल तो वाल्मीक कसला.

'ओसरी'त वर्षभरापासून सायली होती, येवल्याची. बापाच्या मांडीवर बसून पैठणी शिकलेली, सासरीही घरात माग होताच. ती विणायची आणि साड्या नवऱ्याच्या नावानं जायच्या. त्या नवऱ्याचं नाव समाधान. नाव ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो! या बाईच्या हातानं तीन माणसांचं घर चालत होतं आणि तोच हात त्यानं दोनदा मोडला होता. हात बरा झाल्यावर भागुबाईंनी विणकामाच्या एका बंद पडलेल्या वर्गाचा जुना लाकडी माग तिच्यासाठी मिळवला. तिनं तो मागच्या खोलीत उभा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं साडी लावली. ही साडी गेली की दुसरी लावायची, आणि दोन साड्यांनंतर कुठंतरी लांब, स्वतःची खोली घ्यायची, एवढंच तिचं ठरलेलं होतं. दिवसभर त्या खोलीतून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं खट्-खट् ऐकू यायचं, आणि घरातल्या बाकीच्या बायकांना त्या आवाजानं धीर यायचा म्हणे.

वाल्मीकला मागच्या दारानं अंगणात येऊन खिडकीतून शूटिंग करायची तेवढी मुभा मिळाली होती. पदर अर्धा झाला होता. पैठणीचं असं असतं, विणलेलं तेवढं रुळावर गुंडाळत जातं, विणणाऱ्याच्या समोर वीतभरच राहतं. वाल्मीक म्हणाला, "सायलीताई, एकदा उलगडा ना. नुसतं वीतभर काय दाखवायचं?"

तिनं आढेवेढे घेतले. "माझं तोंड नाय ना दिसणार, दादा?"

"नाय. छायाची शपथ."

तिनं रूळ सैल केला, पदर ताणून धरला. भागुबाईंनी त्याचा मोबाईल खिडकीतून आत घेऊन मागावर उंच धरला. जांभळ्या रेशमावर सोनेरी मोर, एकाखाली एक, आणि प्रत्येक मोर मान वळवून मागं बघणारा. असा मोर सायलीचा बाप विणायचा आणि त्याच्यामागं ती. खाली बसून तिला तो तसा दिसत नव्हता. शूटिंग झाल्यावर वाल्मीकनं तो तुकडा तिला खिडकीतून दाखवला. "अगं बाई," ती म्हणाली, "हे मी केलंय?" तिनं तीनदा बघितला. भागुबाईंनीही बघितला, बारकाईनं. ना चेहरा, ना नाव, ना पत्ता. "टाक," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत तो व्हिडिओ असा पळाला की वाल्मीकला झोप येईना, आनंदानं. लाखो लोकांनी बघितला. पुण्याहून, अमेरिकेहून बायका विचारायला लागल्या, ही साडी आम्हाला द्या. येवल्याच्या मागवाल्यांच्या ग्रुपवरसुद्धा गेला. कुणीतरी खाली लिहिलं, "काय हात आहे!" वाल्मीक दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा.

एके दिवशी दुपारी दुकानात एक माणूस आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं मऊ. बाहेर छोट्या टेम्पोत गव्हाच्या चार गोण्या. "ओसरी संस्थेचं इथंच का? मोबाईलवर पत्ता हा दाखवला. आईच्या वर्षश्राद्धाचं धान्य द्यायचंय, गरजू बायकांच्या मुखी लागावं."

वाल्मीकचं मन भरून आलं. मोबाईलवर बघून पहिल्यांदाच कुणी असा दारात गहू घेऊन आलं होतं! गोण्या दुकानात उतरवून घ्यायच्या आणि छायानं पोचवायच्या, असं ठरलेलं होतं. छाया त्या दिवशी पावण्यांकडे गेली होती. आणि वाल्मीकच्या डोक्यात वीस वर्षांचं दुकान बोललं. आईच्या नावानं देतोय बिचारा, ते दुकानात टाकून जायचं? दान कसं, आपल्या हातानं उंबऱ्यावर ठेवावं, आणि देणाऱ्याचा एक तरी फोटो असावा. नाहीतर त्याचा मान तो काय राहिला?

"चला," तो म्हणाला, "आत नाय जाता येत, पण दारापर्यंत येतो मी संगं."

गल्लीत टेम्पो थांबला. माणसानं गोण्या स्वतःच्या पाठीवरून वाहून उंबऱ्याला लावल्या. "आता इकडं बघा, जरा हसा," वाल्मीक म्हणाला. पण माणूस मोबाईलकडे बघेचना. तो मान तिरपी करून आतल्या खट्-खटीकडे कान देऊन उभा होता.

"धोटा जरा अडकतोय," तो म्हणाला.

"तुम्हाला बरं कळतं?" वाल्मीक हसून म्हणाला.

माणूसही हसला. तेवढ्यात वाल्मीकनं फोटो काढून घेतला. छान आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समाधान दोन भावांना घेऊन आला. भाऊ पुढच्या दारात आरडाओरडा करत उभे राहिले आणि हा मागच्या भिंतीवरून अंगणात उतरला. भागुबाई सत्तरीच्या, पण त्यांनी सायलीला ढकलून स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवलं, शिडी काढून घेतली आणि हातात वरवंटा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ये पुढं," त्या म्हणाल्या. तो पुढं आला नाही. मागच्या खोलीत गेला.

तिथं माग होता. गल्लीतल्या बायका खिडकीशी जमल्या होत्या, त्यांनी नंतर सांगितलं. त्यानं आधी रूळ सैल केला, सगळा पदर उलगडला आणि उभा राहून बघत राहिला, बराच वेळ, मन लावून. मग खिशातलं पातं काढलं. "माझ्या बायकोचा मोर मला कळत नाय का?" असं तो ओरडत होता, "चेहरा झाकला म्हणून काय झालं? गावातल्या कुणाला बी विचारा, हा मोर कुणाचा!" पोलीस येईस्तोवर साडीच्या चिंध्या झाल्या होत्या, ताण्याच्या उभ्या धाग्यांतली एक तार धड राहिली नव्हती. माळ्यावर सायली तोंडात पदराचा बोळा घालून ते सगळं ऐकत होती.

बाई दुसरीच्या हातची भाकरी ओळखते, मग विणकर हात ओळखणार नाही का? एवढी साधी गोष्ट. पण चेहऱ्यांवर पोट असलेल्या वाल्मीकला वाटलं होतं, चेहरा झाकला की माणूस झाकलं.

त्याच संध्याकाळी भागुबाईंनी सगळ्या बायका हलवल्या. कुठं, ते वाल्मीकला सांगितलं नाही, छायालाही नाही. तो रिकाम्या घराच्या दारात जाऊन रडला, ढसाढसा, गल्लीसमोर. "सिस्टर, मारा मला," म्हणाला. भागुबाई भांडी गोणीत भरत होत्या. "व्हिडिओ मीही बघितला होता रे," त्या म्हणाल्या. "मला मोर म्हणजे मोरच दिसला. पण त्याला दारात तू आणलंस." एवढंच बोलल्या, आणि पुन्हा भांडी भरायला लागल्या.

छाया पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तीन वर्षं मी तोंड शिवून ठेवलं होतं हो."

मग वाल्मीक पुसायला बसला. 'ओसरी'चं पान काढून टाकलं, नकाशावरची खूण पुसली, हातांचे सगळे फोटो उडवले. मोरांचा व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांना शोधून एकेकाला फोन केले, ओळख ना पाळख अशा माणसांच्या पाया पडला. "भाऊ, एका बाईच्या जिवाचा प्रश्न हाय, काढून टाका." कुणी काढला, कुणी शिव्या दिल्या आणि मग काढला. शेवटी स्वतःच्या मोबाईलमधला, दुकानाच्या कॉम्प्युटरमधला, सगळा पुसला. दोन महिन्यांनी त्यानं तेच जुने शब्द टाकून बघितले. पहिल्या पानावर पुन्हा तीन बाबा होते. 'ओसरी' कुठंच नव्हती. त्यानं मोबाईल पालथा ठेवला.

सहा महिन्यांनी भागुबाईंचा फोन आला. समाधानवरच्या केसची तारीख होती, त्याला दारापर्यंत आणणारा साक्षीदार वाल्मीकच. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बाकडं होतं, त्यावर सायली बसली होती. वाळली होती. भागुबाई वकिलाला शोधायला आत गेल्या आणि ही दोघंच राहिली.

वाल्मीक उभाच राहिला. "ताई, मी..." म्हणाला.

"बसा की, दादा."

तो बाकड्याच्या टोकाला बसला. त्यानं विचारलं, "माग?"

"नाय. द्राक्षाच्या पॅकिंगला जाते. मागाचा आवाज लय लांब जातो, दादा. आन् विणलं तर मोर तोच येणार ना. हाताला दुसरा येत नाय." ती चिडून बोलली नाही, मजुरीचे तास सांगावेत तशी बोलली. वाल्मीकला वाटलं, तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "दादा, एक मागू? तो व्हिडिओ दाखवता का एकदा? कुणाला सांगत नाय. नुसतं बघते. सगळा पदर मी तेवढाच तीनदा बघितला, तुमच्या मोबाईलमध्ये. रात्री आठवायला बसते तर मधले दोन मोर आठवतच नायत."

तिला भेटलो की काय सांगायचं, ते वाक्य वाल्मीकनं सहा महिने जपून ठेवलं होतं. त्या वाक्यावर त्याची सगळी मदार होती. तेच आता त्याच्या तोंडातून आलं.

"सगळं पुसलं, ताई. एक बी ठेवला नाय. कुठं म्हणून सापडणार नाय आता."

"तुमच्याकडं बी नाय?"

"नाय."

सायलीनं मान हलवली. समोर पोलिसांच्या गाडीतून समाधानला उतरवत होते, ती तिकडं बघत होती.

"बरं केलं, दादा," ती म्हणाली. "म्हणजे तो पदर सगळा नीट बघितलेला माणूस आता तेवढाच राहिला."